अळणी कुणाला?

कोल्हापुरात मधुमेह आहे म्हटलं की लोक आपापलं औषध सांगतात, दमा आहे म्हटलं की हळहळतात, आणि मिरचीची अ‍ॅलर्जी आहे म्हटलं की हसतात. हसण्यात वाईट काही नसतं. आपण विनोद केला असं त्यांना खरोखर वाटतं. तसं नव्हतं हे ध्यानात आलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "मूळचे कुठले तुम्ही?"

मूळचा इथलाच, शिवाजी पेठेतला. पंचविशी उलटेपर्यंत मिसळीवर कट मागून मागून घेतला आहे, आखाडात तांबड्या रश्श्याच्या वाट्या रिचवल्या आहेत, खर्डा-भाकरी खाताना खांद्यावरच्या टॉवेलाने नाक पुसलं आहे. अ‍ॅलर्जी मोठेपणीसुद्धा नव्याने उपटू शकते, हे मला ती झाल्यावर कळलं. आधी ओठांना खाज, मग अंगावर पित्ताच्या गांध्या, आणि मग एका रात्री आवाज बसला, श्वास शिट्टी वाजवायला लागला. तोवर घरचे सगळे पित्त उसळलंय म्हणून अंगाला आमसूल चोळत होते.

*

"तपासणीला येताना मिरच्या घरूनच आणा," डॉक्टर म्हणाले. कोळंबी, शेंगदाणा, गहू ह्यांची तयार द्रावणं त्यांच्याकडे छोट्या बाटल्यांत होती, मिरचीचं नव्हतं. मी स्टीलच्या डब्यात हिरवी मिरची, सुकी संकेश्वरी, एक ढोबळी मिरची आणि चार मिरीचे दाणे घेऊन गेलो. सुई आधी मिरचीत टोचायची, मग तीच हातावर. शेजारी पडताळ्यासाठी आणखी दोन टोचण्या : एक हिस्टामिनची, तिथे गांधी उठलीच पाहिजे, दुसरी मिठाच्या पाण्याची, तिथे उठता कामा नये. हात उताणा ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसायचं. खाज सुटली तरी हात लावायचा नाही. मग पट्टी लावून मोजणी. मिठाच्या पाण्याच्या टोचणीहून निदान 3 मिलिमीटर मोठी गांधी असेल तरच ती धरायची.

हिरव्या मिरचीखाली लालभडक झालं. डॉक्टरांनी तिकडे फारसं पाहिलंही नाही. म्हणाले, ही माझ्या हातावर टोचली तरी लाल होईल. त्यांचं लक्ष ढोबळीवर होतं. ढोबळीत तिखटपणा नसतो, कारण तिखटाचं रसायन, म्हणजे कॅप्सेसिन, बनवायला लागणारं जनुक तिच्यात निकामी असतं. एरवी ती आणि ठेच्यातली मिरची एकाच जातीच्या, कॅप्सिकम अ‍ॅन्युअम. माझ्या हातावर ढोबळीच्या जागी टपोरी गांधी उठली होती. मिरीच्या जागी काही नाही.

निकाल लागला तो असा : तिखट मला चालतं, मिरची चालत नाही. शरीर चवताळतं ते मिरचीतल्या प्रथिनांवर, आणि कॅप्सेसिन हे प्रथिन नाहीच. मी हे लोकांना समजावून सांगतो. लोक शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे जरा कमी तिखट करायचं, असंच ना?"

*

"मामी, ह्यात मिरची आहे का?"

"न्हाई रं बाळ, मिरचीचं बोट लावलं न्हाई. नुसती चटणी घातलीया."

(बाहेरगावच्या वाचकांसाठी : आमच्याकडे नुसतं चटणी म्हटलं की कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात करून वर्षभर पुरवायचा लाल मसाला. त्यात निम्म्याहून जास्त मिरचीच असते.)

*

हॉटेलात तर "कमी तिखट" ह्याचा अर्थ ठरून गेलेला आहे. पोऱ्या आत तोंड करून ओरडतो, "एक फिक्की!" आणि ताट येतं ते सुरेख लाल. संकेश्वरीच्या जागी ब्याडगी नाहीतर काश्मिरी. रंग भरपूर, जाळ नाही. खाणाऱ्याची सोय केल्याचं समाधान आचाऱ्याच्या तोंडावर असतं.

माझ्या दृष्टीने ब्याडगी ही सगळ्यांत लबाड मिरची. लवंगी निदान जिभेला लागल्या लागल्या सांगते की मी आले. पहिल्याच घासाला हात थांबतो. ब्याडगी गुपचूप अर्धं ताट पोटात जाऊ देते.

*

तिखट ही चव नव्हे, ती वेदना. जिभेवर उष्णतेची खबर मेंदूला देणारा एक संवेदक असतो, टीआरपीव्ही1 असं त्याचं रुक्ष नाव. साधारण 43 अंश सेल्सियसच्या पुढे तो जागा होतो. कॅप्सेसिन त्याला गारढोण ठेच्यातसुद्धा उठवून बसवतं, आणि मेंदूला वाटतं तोंड भाजलं. 1997 साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस ह्यांच्या प्रयोगशाळेत तो ओळखला गेला, आणि 2021 मध्ये ज्युलियस ह्यांना नोबेल मिळालं. पक्ष्यांच्या संवेदकावर मात्र कॅप्सेसिनची मात्रा चालत नाही. मिरचीच्या रानात राघू उतरतात ते काही पैज मारून उतरत नाहीत. त्यांना ती नुसती भाजी.

माणसं मात्र पैज मारून खातात. आमच्या पेठेत तिखट खाणं हा अंगातल्या पाण्याचा पुरावा. घाम फुटला, कानशिलं तापली, तरी "अजून एक वाटी कट दे की भावा" म्हणणारा खरा गडी. पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्या घासाला पाणी मागतो, आणि त्याच्या त्या मागण्यावर टेबलावरचे चौघे पुढचा महिनाभर हसतात. अशा टेबलावर मी "मला नको" म्हणतो तेव्हा त्यांना रोग दिसत नाही, गळपटलेला गडी दिसतो. मग सल्ले. रोज थोडं थोडं खात जा, सवय होते. वर साखर खा. तूप ओत. दूध पी. दुधाचा सल्ला तसा खोटा नाही. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून नेतं. पण ज्याच्या तोंडाची आग होत नाहीये, घसा सुजतोय, त्याने दूध पिऊन काय करायचं?

आणि सवयीचं म्हणाल तर अ‍ॅलर्जीवाल्याने "थोडं थोडं" खाऊन बघणं म्हणजे विजेच्या तारेला रोज थोडा थोडा हात लावून बघणं.

*

मिरची कुठे लपते त्याची यादी एकदा वहीच्या मागच्या पानावर करायला घेतली होती. मसालेदार पदार्थ त्यात लिहिलेच नाहीत, ते तर उघड शत्रू. सौम्य म्हणून ख्याती असलेले तेवढे लिहिले.

लग्नातला मठ्ठा. जिलबीनंतर पोटाला थंडावा म्हणून देतात, त्यात आल्याबरोबर हिरवी मिरची ठेचून टाकलेली असते. सोलकढी : गुलाबी, निरागस, आणि नारळाच्या दुधात लसूण-मिरची वाटलेली. मेतकूट : आजाऱ्याचा आणि लेकराचा भात ज्याने कालवायचा त्या मेतकुटातसुद्धा बऱ्याच घरी डाळींबरोबर दोन सुक्या मिरच्या भाजून दळतात. गोडा मसाला : नावावर जाऊ नका. दहीभातावर सांडगी मिरचीची फोडणी. काकडीची कोशिंबीर.

पांढऱ्या रश्श्याने मला सगळ्यांत जास्त वेळा फसवलं. नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ, मटणाचं पाणी. रंगाला कुठे लाल ठिपका नाही. पण कुणी आलं-लसणाच्या वाटणात हिरवी मिरची घालतो, कुणी फोडणीत अख्खी सुकी मिरची टाकतो आणि वाढण्याआधी उचलून बाजूला करतो. उचलली म्हणजे नव्हती, असा त्याचा हिशेब.

आणि भज्यांची कढई. केळ्याची भजी मागितली तरी ती त्याच तेलात पडतात ज्यात मघाशी मिरची-भजीचा घाणा निघाला. वडेवाल्याच्या गाड्यावर मी कढईकडे बघत उभा राहतो. तेलाच्या काठाला एक हिरवी साल चिकटलेली असते, फुगते, चरचरते, परत तळाशी जाते. गाडीवाल्याला वाटतं गिऱ्हाइकाला भूक लागली आहे.

*

उपासाला तरी मिरची टळेल, असं वाटायचं. कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, वांगं चालत नाही. मिरचीला मात्र कुणाची हरकत नाही. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे नीट बघा. साबुदाणा ज्या कंदाचा तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची : चौघेही मूळचे अमेरिकेचे. आपली वरी बिचारी बाजूच्या पातेल्यात. मी तीच खातो, जिऱ्याची फोडणी आणि आमसूल घातलेल्या दाण्याच्या आमटीबरोबर. त्यामुळे आमच्या घरात खरा उपास माझाच होतो, असं आईचं म्हणणं.

*

1498 साली वास्को द गामा कोझिकोडला आला तो मिऱ्यांच्या व्यापारासाठी. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. अमेरिकेतली मिरची आपल्याकडे आली ती त्यांच्याच गलबतांतून, सोळाव्या शतकात. मिरी न्यायला आले आणि मिरची ठेवून गेले.

त्याच्या आधीचा सगळा महाराष्ट्र माझ्या बाजूचा. ज्ञानेश्वरांनी मिरची चाखलेली नाही. देवगिरीच्या यादवांच्या मुदपाकखान्यात ती नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यात जेवणाखाण्याचं एक आख्खं प्रकरण आहे, अन्नभोग. उडदाच्या पिठाचे गोळे तुपात तळून त्यांना मिरपूड, जिरं, हिंग लावायला सांगितलं आहे. राजा मांसाहाराचा शौकीन होता. त्याच्या सबंध ग्रंथात मला न चालणारा मसाला एकही नाही. आयुर्वेदाचं त्रिकटूसुद्धा सुंठ, मिरी आणि पिंपळी ह्यांचं.

एकदा हे सगळं मित्रांसमोर जोरात मांडलं, तर एक जण म्हणाला, मग सावता माळ्यांच्या अभंगात मिरची कशी? प्रश्न बिनतोड. सावतोबांनी समाधी घेतली 1295 मध्ये, म्हणजे मिरची यायच्या दोनशे वर्षं आधी, आणि त्यांच्या नावावर असलेल्या मळ्याच्या प्रसिद्ध अभंगात लसूण-कोथिंबिरीच्या शेजारी मिरची आहे. माझं मत असं की पिढ्यानपिढ्या गाताना कुणा वारकऱ्याने आपल्या काळच्या मळ्यातली मिरची त्यात लावली. मिरचीच्या बाबतीत माझ्या नकळत माझ्या ताटात जे होतं तेच अभंगाचं झालं.

पुरीला जगन्नाथाच्या महाप्रसादात अजूनही मिरची, बटाटा, टोमॅटो चालत नाही. एवढ्या मोठ्या देवाचं पथ्य माझ्या पथ्याशी जुळतं. आईला हे सांगितल्यापासून तिच्या मनातली माझ्याविषयीची कीव जरा कमी झाली आहे.

*

पाकिटांवरची बारीक अक्षरं.

पाकीटबंद पदार्थांवर कोणते अ‍ॅलर्जीकारक घटक ठळक सांगायचे, ह्याची यादी एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबलिंग नियमांत आहे. ग्लुटेनवाली धान्यं, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचवाले जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि काजू-बदामांची जात, सोयाबीन, सल्फाइट. मिरची नाही. ब्रिटनची यादी 14 जणांची आहे, तिथे सेलरी आणि मोहरीसुद्धा आहे, पण मिरची तिथेही नाही. तशी ती असण्याइतके आम्ही लोक संख्येने मोठे नाही, हे मला मान्य आहे. तक्रार दुसरीच आहे. घटकांच्या यादीत नुसतं "मसाले" लिहिलेलं चालतं. त्या एका शब्दाच्या आड मिरची बिनधास्त बसते.

दुसरी जागा रंगाची. आयएनएस 160सी म्हणजे पॅपरिकाचा अर्क, मिरचीतूनच काढलेला लाल रंग. चीजमध्ये, वेफर्समध्ये, बिस्किटांत. ब्याडगीला मागणी आहे ती बरीचशी ह्या रंगापायी. तो लिपस्टिकमध्येही वापरतात. ही माहिती मी घरी गंभीरपणे सांगितली, तर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला काय करायचंय माझ्या लिपस्टिकचं?"

एका कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावून विचारलं, मसाले म्हणजे नेमके कोणते? बाई अत्यंत गोड बोलल्या. "सर, आमचं प्रॉडक्ट बिलकूल स्पायसी नाहीये."

*

एप्रिल-मे. गच्च्यांवर मिरच्या वाळत पडलेल्या, जिन्यात देठ खुडणाऱ्या बायका, कढईत तेलावर मिरची परतल्याचा वास. मग खोबरं, तीळ, धने, खडा मसाला भाजून सगळं डब्यांत भरून डंकावर. डंकाच्या आसपासच्या हवेत जो खकाणा असतो तो डोळ्यांना दिसतो, उन्हाच्या तिरिपेत लालसर तरंगत असतो. डंकवाला नाकाला पंचा बांधून मजेत गाणी ऐकत असतो.

ह्या दिवसांत मी पेठेतून वाट वाकडी करून जातो. पूर्वी तोंडाला रुमाल बांधून गेलो की कुणी ना कुणी थांबवून विचारायचं. करोनानंतर मास्कचं कुणाला नवल राहिलेलं नाही.

तरी खरं सांगतो, चटणी भाजताना येणारा तो वास लांबून, चार घरं पलीकडून आला की तोंडाला पाणी सुटतं. जिभेला कुणी निरोप दिलेला नाही.

*

माझी दृष्ट काढणं बंद झालं. आई मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायची आणि सगळ्यांना ठसका लागतो का बघायची. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर. माझ्या बाबतीत मिरच्या निखाऱ्याला लागायच्या आतच मी दाराबाहेर. आता ती नुसत्या मीठ-मोहऱ्यांवर भागवते. परिणाम तेवढाच होतो म्हणते.

*

परक्यांपासून मला फारसा धोका नाही. हॉटेलवाल्याला माझ्याविषयी प्रेम नसतं, त्यामुळे तो एक तर "जमणार नाही" म्हणतो, नाहीतर साधा भात आणि दही देतो. भीती आहे ती जीव लावणाऱ्यांची.

आत्याचं उदाहरण. तिच्याकडे जायचं ठरलं की ती दोन दिवस आधी फोन करून विचारणार, काय चालतंय, काय चालत न्हाई, पुन्हा सांग. माझ्यासाठी वेगळं पातेलं, वेगळी चूल. एवढं सगळं करून शेवटच्या घटकेला तिचा धीर सुटायचा. भाचा इतक्या दिवसांनी आलाय आणि त्याच्या पानात पिवळं, बिनरंगाचं कालवण वाढायचं? शेजारणीने बघितलं तर? मग चिमूटभर. "चवीपुरती रं. एवढ्याशानं काय हुतंय?"

त्या चिमटीने मला तालुक्याच्या दवाखान्यात रात्र काढायला लावली. आत्या पलंगाच्या पायथ्याशी बसून होती, कुणाशी बोलली नाही. सकाळी नर्सने सलाइन काढल्यावर माझ्या हाताच्या फुगलेल्या शिरेवरून बोट फिरवत म्हणाली, "मला वाटलं तुझ्या मनाचं खेळ हाय."

तेव्हापासून आत्या बदलली ती अशी की कुणाच्याही लग्नात ती माझ्या आधी आचाऱ्याच्या मंडपात शिरते. कमरेला पदर खोचून एकेका पातेल्यात डोकावते. "ह्यात काय घातलंय? खोटं बोलू नकोस, माझं पोरगं मरंल." आचारी घाबरून हिंगाची डबीसुद्धा काढून दाखवतात. मला थोडी लाज वाटते, पण मी तिला अडवत नाही.

*

खिशात एक डबी असते, चष्म्याच्या डबीएवढी. तीत अ‍ॅड्रिनलिनची 1 मिलीची अँप्यूल, सिरिंज, आणि डॉक्टरांच्या अक्षरातला कागद : अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. अंगाला नुसती खाज असेल तर गोळी पुरते. श्वास अडकला की गोळीची वाट बघायची नाही. आणि इंजेक्शनने बरं वाटलं तरी दवाखाना गाठायचाच, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

बायकोला येतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी स्वतःहून शिकून घेतलं, संत्र्यावर सराव करून. मित्रांपैकी जो सगळ्यांत जास्त चेष्टा करायचा त्यालाच मी ते शिकवायला बसवलं. सुई पाहिल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. वाटीभर कट पिणारा गडी.

*

नागपूरला सावजीच्या हॉटेलात, धुळ्याला शेवभाजीच्या टेबलावर, मालवणात माशाच्या ताटासमोर : सगळीकडे एकच वाक्य ऐकलं. "आमच्याकडचं तिखट बाधत नाही." प्रत्येक जिल्ह्याला आपल्या मिरचीच्या चारित्र्याची खात्री असते.

*

गावच्या म्हाईला मटणाच्या पंगती बसतात. आधी मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात. ते शिजलेलं पाणी आणि काही फोडी चटणी पडायच्या आत बाजूला काढतात, लहान पोरांसाठी आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी. ते अळणी. वाढपी छोटी किटली घेऊन पंगतीतून फिरतो : "अळणी कुणाला? अळणी!" पोरं हात वर करतात. त्यांच्यात माझाही.

पहिली काही वर्षं मी मोठ्यांच्या पंगतीत बसून हात वर करायचो, आणि माना वळायच्या. मग सरळ पोरांच्या पंगतीत बसायला लागलो. सोय उत्तम. तिथे कुणी आग्रह करत नाही, कुणी मूळ गाव विचारत नाही, आणि नळी आपसूक माझ्या वाट्याला येते, कारण पोरांना ती फोडता येत नाही. एकदा शेजारच्या सहा-सात वर्षांच्या मुलाने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आजीकडे तक्रार केली, "आज्जे, हे काका मोठे हायेत की, हेनी अळणी का खायचं?" आजीने सांगितलं, "त्यांचं पोट अजून बारकं हाय." एवढं अचूक निदान तपासणीतही निघालं नव्हतं.

अळण्याला लोक नावं ठेवतात ती न चाखता. पातळ, किंचित पिवळं, वर तुपासारखे चरबीचे डोळे. मटण चांगलं असेल तर ह्यात कळतं. तांबड्या रश्श्यात कसलंही खपून जातं. चटणी पडली की सगळ्या बोकडांची चव सारखी, हे विधान मी पेठेत मोठ्याने करत नाही.

*

घरी आम्ही मिऱ्यावर आलो. बायको माहेरची कोकणातली, तिने सुरुवातीला सगळ्या भाज्या नारळ आणि गुळावर नेल्या. काही महिन्यांत मी कंटाळलो. तिखटावाचून जिभेला जेवल्यासारखं वाटेना. मग प्रयोग. मटणाला मिरी जाडसर कुटून दोनदा लावायची : शिजताना थोडी, उतरवताना बाकीची, कारण तिचा वास उकळताना उडून जातो. पिंपळी आयुर्वेदिक दुकानातून आणली. ती मिरीपेक्षा उशिरा चढते आणि घशात रेंगाळते. आमटीला आलं आणि सुंठ दोन्ही. वांग्याच्या भरताला मोहरी फेसून, नाकात जाईल इतकी. वांगं, बटाटा, टोमॅटो हे मिरचीच्याच कुळातले. मला ते तिघेही चालतात, ही त्या कुळाची मेहेरबानी.

मेहुणा आला होता. हा माणूस खर्डा नुसता चमच्याने खातो. मिऱ्याचं मटण पाहून त्याने आधी डोळे मिचकावले, आजाऱ्याचं जेवण म्हणून. तिसऱ्या घासाला थांबला, पाणी प्यायला, म्हणाला, "दाजी, ह्यात काय घातलंय? हे लई लागतंय." मी त्याला म्हटलं, सवय करायची, रोज थोडं थोडं खायचं.

*

स्टँडच्या मागे एक खानावळ आहे. मालक सकाळी अकराला मटण शिजवतो, चटणी नंतर पडते, हे मी आधी चौकशी करून ठेवलं होतं. गर्दी नसताना गेलो आणि सगळं सांगितलं. हातावरची गांधी, प्रथिनं, ब्याडगी. त्याने सुपारी कातरत ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे तुमास्नी माझ्या पळीची भीती हाय न्हवं?"

मुद्द्याला थेट हात घालणारा हा पहिला माणूस. माझी भीती पळीचीच आहे. तांबड्यातून निघून पांढऱ्यात शिरणारी पळी, ठेचा वाढून भाकरीला हात लावणारी बोटं, एकाच फडक्याने पुसलेली ताटं. त्याने त्याच दिवशी एक लहान पातेलं वेगळं केलं, त्याच्या पळीच्या दांड्याला पांढरी दोरी गुंडाळली, आणि पोऱ्याला दम दिला की ही पळी दुसऱ्या भांड्यात दिसली तर हात तोडीन. आता मी तिथे आठवड्याला जातो. अळणी, तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी, कांदा, लिंबू. मिरपूड माझी मी नेतो.

हळूहळू दुसरेही मागायला लागले. अ‍ॅसिडिटीवाले, बायपासवाले, मूळव्याधीवाले, एक-दोघे तर दुपारी मीटिंग आहे म्हणून. बोर्डावर खडूने एक ओळ वाढली : अळणी थाळी मिळेल. दर मटण थाळीइतकाच.

मी म्हटलं, "चटणी वाचती की तुमची. दर तरी कमी करा."

"चटणी वाचती," तो म्हणाला, "पर त्या पळीवर नजर ठेवायला एक माणूस बसवलाय, त्याचा पगार कोण द्यायचा?"

पुढच्या आठवड्यात गेलो तर अळणी थाळी वीस रुपयांनी महाग झाली होती.